लाव, कोंबडी, बदक, गिनी फाउल: अंड्याच्या टरफलाची ताकद घरच्या साधनांनी कशी मोजावी?

प्रयोगवही

आठवी-नववीच्या मुलांचा विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प ठरला आहे. अंड्याचा आकार आणि टरफलाची ताकद यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे मुलांना तपासायचं आहे. पांढरी लेयर (खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी), गावरान, बदक आणि जपानी लाव (क्वेल) यांची अंडी हाताशी आहेत. गिनी फाउल या कोंबडीसारख्या पाळीव पक्ष्याची डझनभर मिळतील. साधनं म्हणाल तर ५ किलोचा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, लाकडाच्या फळ्या आणि पाण्याचे कॅन.

अडलंय ते इथे:

१. ‘ताकद’ म्हणून नेमकं काय मोजायचं? कोणी म्हणतं उंचावरून टाकून बघा, कोणी म्हणतं वर पुस्तकं रचा.
२. टरफलाची जाडी व्हर्नियरने दर वेळी वेगळी येते. चूक कुठे होत असेल?
३. ‘जेवढं मोठं अंडं तेवढं मजबूत’ हे मुलांचं गृहीतक आहे. ते शहामृगापर्यंत टिकेल का?
४. मगर, कासव, पाल, साप यांची अंडी त्याच तक्त्यात घ्यावीत का?

---

खडूफळा

उंचावरून टाकण्याचा प्रयोग बाद करा. त्यात अंड्याचं वजन, जमिनीचा कठीणपणा आणि अंडं कोणत्या बाजूवर आदळतं हे सगळं मिसळतं, आणि लावेचं अंडं हलकं म्हणून उगाच मजबूत ठरतं. दोन सपाट, कडक पृष्ठभागांमध्ये अंडं ठेवायचं, भार हळूहळू वाढवायचा आणि पहिला तडा जाताना किती भार होता ते लिहायचं. त्याला भंगभार म्हणा. प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त तिथे दाब यंत्र देतं.

मांडणी अशी करा. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा घ्या आणि आत बघता येईल अशी खिडकी बाजूला कापा. तो गुळगुळीत लादीवर उभा ठेवा. आत अंडं आडवं ठेवायचं. ते गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना शाडूच्या मातीची बारीक वळी लावा, पण वळी अगदी बुटकी हवी, नाहीतर भार तीच उचलते. वरून पाइपमध्ये सैल सरकणारी लाकडी चकती टाका आणि चकतीवर पाइपच्या वर डोकावेल एवढा उंच ठोकळा चिकटवा. त्या ठोकळ्यावर कॅन ठेवून मगाने बारीक धारेने पाणी ओता, पाच सेकंदांत १०० मिली या वेगाने. ‘टक’ असा पहिला आवाज आला की धार बंद. मग चकती, ठोकळा, कॅन आणि पाणी यांचं एकत्र वजन करा. तोच भंगभार. गिनी फाउलच्या वेळी एकूण वजन काट्याच्या ५ किलोपुढे जाईल, तेव्हा पाणी दोन वेळा करून तोला.

लावेसाठी चकती आणि रिकामा कॅन मिळून ३०० ग्रॅमच्या आत बसवा. ते अंडं किलो-सव्वा किलोलाच फुटतं, त्यामुळे सुरुवातीचाच भार जड असेल तर पाणी ओतायला वावच राहत नाही.

हमखास होणाऱ्या चुका:

चकती आणि अंडं यांच्यामध्ये फडकं, फोम किंवा रबर ठेवलं की आकडा वाढतो. भार एका बिंदूवर न राहता मोठ्या भागावर पसरतो. ट्रेमधल्या अंड्यांवर माणूस उभा राहतो त्यामागेही हेच आहे, शिवाय तिथे भार वाटला जातो. ६० किलोचा माणूस ३० अंड्यांवर म्हणजे अंड्यामागे २ किलो, आणि कोंबडीचं चांगलं अंडं ३ ते ४ किलो घेतं.

उकडलेली अंडी वापरू नका. पसारा टळतो हे खरं, पण उकडताना न दिसणारे तडे पडतात. भोक पाडून रिकामी केलेली अंडीही चालणार नाहीत, तडा त्या भोकापासूनच धावतो.

काही अंडी आडवी आणि काही उभी असं करू नका. एकच ठेवण ठरवा. उभं अंडं सहसा थोडा जास्त भार घेतं.

प्रयोगाआधी प्रत्येक अंडं अंधारात टॉर्चवर धरून बघा. केसाएवढा तडा असलेलं अंडं आधीच बाजूला काढा.

प्रत्येक प्रकारची निदान १० अंडी हवीत. एकाच खुराड्यातली दोन अंडी अडीच किलो आणि साडेचार किलो देऊ शकतात. तीन अंड्यांच्या सरासरीवर निष्कर्ष काढला तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

जाडीचं म्हणाल तर व्हर्नियर इथे कामाचा नाही. त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिमी, आणि लावेचं टरफल जेमतेम ०.२ मिमी. शिवाय त्याचे जबडे सपाट असतात, टरफल वाकडं. अंतर्वक्र बाजूला जबड्याच्या कडाच टेकतात आणि जाडी फुगून येते. ०.०१ मिमीचा स्क्रू गेज घ्या आणि आतल्या बाजूच्या टोकाला सायकलच्या बेअरिंगची छोटी गोळी चिकटवा. गोळीमुळे शून्य सरकतं, ती त्रुटी वजा करायला विसरू नका. टरफल धुवा, आतला पापुद्रा सोलून काढा, रात्रभर वाळवा आणि मधल्या पट्ट्यावर तीन ठिकाणी मोजा. पापुद्रा राहिला तर कोंबडीच्या अंड्यात ०.०६ ते ०.०७ मिमी फुकटचे वाढतात. तुमचे आकडे हलत होते त्यात बराच वाटा पापुद्र्याचा असणार.

---

खुराडा

वरची मांडणी चांगली आहे. एक न फोडता करायची चाचणी जोडतो, मुलांना ती फार आवडेल: मिठाच्या पाण्यातली घनता. अंड्यातला सर्वात जास्त घनतेचा भाग टरफल. त्यामुळे टरफलाचं प्रमाण जास्त असेल तर अंड्याची घनता जास्त.

पाच बादल्या घ्या. प्रत्येकी १ लिटर पाण्याला अनुक्रमे ९४, ११०, १२६, १४३ आणि १६१ ग्रॅम मीठ. घनता साधारण १.०६०, १.०७०, १.०८०, १.०९० आणि १.१०० येते. घरच्या मिठात ओल असते, म्हणून हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने) तपासून घ्या. सगळ्यात कमी मिठाच्या बादलीपासून सुरुवात करून अंडं पुढे न्या. ज्या बादलीत ते पहिल्यांदा तरंगेल ती त्याची घनता. प्रत्येक बादलीनंतर अंडं पुसा, नाहीतर पुढच्या बादलीचं पाणी पातळ होत जातं. कोंबडीचं अंडं १.०८० किंवा त्यापुढे तरंगलं तर टरफल चांगलं समजायचं.

अट एकच. अंडी त्याच दिवशीची हवीत. अंड्यातलं पाणी छिद्रांवाटे उडत राहतं, हवेची पोकळी वाढते आणि घनता रोज घसरते. आठवड्याभराची दुकानातली अंडी घेतलीत तर तुम्ही टरफल नाही, शिळेपणा मोजाल.

आता गावरान विरुद्ध लेयर. तपकिरी अंडं मजबूत असतं असं पुष्कळांना वाटतं, तसं तक्त्यात लिहू नका. रंगद्रव्य शेवटच्या काही तासांत वरच्या थरात येतं, ताकद रंगावर ठरत नाही. ताकद ठरते जात, कोंबडीचं वय, खाद्य आणि उन्हाळा यांवर. वयाचा भाग मुलांना नक्की सांगा. कोंबडी जुनी होते तसं अंडं मोठं होत जातं, पण टरफलासाठी ती देते तो चुना जवळजवळ तेवढाच राहतो. तेवढाच चुना मोठ्या पृष्ठभागावर पसरला की टरफल पातळ. म्हणजे एकाच कोंबडीच्या बाबतीत मोठं अंडं कमजोर निघतं, अगदी तुमच्या गृहीतकाच्या उलट.

---

प्रयोगवही

हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. तो वेगळा तक्ता करून दाखवता येईल. एक उपप्रश्न: मे महिन्यात इथल्या पाळणाऱ्यांकडे पातळ टरफलाची, कधी नुसत्या पापुद्र्याची अंडी येतात. खाद्यात चुना कमी पडतो एवढंच कारण आहे का?

---

खुराडा

चुना हे अर्धंच कारण. एका टरफलात सुमारे २ ते २.३ ग्रॅम कॅल्शियम असतं. लेयर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. त्यात ४ टक्के कॅल्शियम धरलं तर ४.४ ग्रॅम पोटात जातं आणि त्यातलं साधारण निम्मं अंगी लागतं. म्हणजे हिशेब काठावरचा आहे. उन्हाळ्यात कोंबडी खातेच कमी, तिथे पहिला फटका.

दुसरा फटका धापेचा. पारा ३२ अंशांच्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. कोंबड्यांना घाम येत नाही, अंग थंड करायला त्यांच्याकडे मुख्य उपाय हाच. धापेने रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातला कार्बोनेट ह्याच साठ्यातून येतो. साठा घटला की कॅल्शियम भरपूर असूनही टरफल पातळच.

उपाय करताना क्रम पाळा. आधी गारवा: छपरावर गवत किंवा तुराट्या टाकून त्या ओल्या ठेवा, पाण्याची टाकी सावलीत आणा, पाइपलाइनमधलं तापलेलं पाणी सोडून द्या. मग खाद्याची वेळ: पहाटे पाच-साडेपाचला आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी खाद्य पुढे ठेवूच नका, खाद्य पचतानाही अंगात उष्णता तयार होते. घटलेला कार्बोनेट भरून काढायला खाद्यात सोडा टाकायचाच तर टनाला १ ते २ किलो खाण्याचा सोडा, आणि त्याच्या हिशेबाने मीठ कमी. दोन्ही वाढवलं तर कोंबड्या पाणी पीत सुटतात आणि विष्ठा पातळ होते.

शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची खडी २ ते ४ मिमी जाडीची घ्या आणि संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास हाताने टाका. टरफल घडायला सुमारे २० तास लागतात आणि त्याचा मोठा भाग रात्री होतो, म्हणजे कोंबडी खात नसते तेव्हा. बारीक पूड तोवर पुढे निघून जाते. जाड खडी पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर थोडी थोडी विरघळत राहते. खडी मिळाली नाही की कोंबडी स्वतःच्या हाडांतला चुना काढून अंड्याला लावते. असं फार दिवस चाललं तर पाय लुळे पडतात.

थंडीतही पातळ टरफलं येत असतील तर रोगाचा संशय घ्या. टरफल सुरकुतलेलं आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा असेल तर इन्फेक्शियस ब्राँकायटिस (कोंबड्यांचा विषाणूजन्य श्वसनरोग). रंग उडालेली, बिनटरफलाची अंडी अचानक वाढली तर एग ड्रॉप सिंड्रोम. या दुसऱ्याचा विषाणू मुळात बदक-हंसांच्या अंगात सुखाने राहणारा आहे. म्हणून बदकं आणि कोंबड्या एकाच डबक्यावर किंवा एकाच पाणभांड्यावर ठेवू नयेत.

---

पाषाण

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. वेगवेगळ्या जातींची तुलना केली तर मोठं अंडं ढोबळमानाने मजबूत निघतं, पण कारण आकार नाही, जाडी. भंगभार साधारण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वरच्या चकतीखाली टरफल किंचित आत वाकतं, आतली बाजू ताणली जाते आणि तडा तिथून सुरू होतो. वाकवून मोडायच्या कुठल्याही पातळ पत्र्याला जाडी दुप्पट केली की चौपट जोर लागतो, तसंच हे.

जाडीचे अंदाजे आकडे: लाव ०.२ मिमी, कोंबडी ०.३३ ते ०.३८, बदक ०.४ च्या आसपास, गिनी फाउल ०.४५ ते ०.५, एमू सुमारे १ मिमी, शहामृग सुमारे २ मिमी. शहामृगाचं अंडं सरासरी १.४ किलो, म्हणजे कोंबडीच्या २४ अंड्यांएवढं. टरफलाचा वाटाही वाढत जातो. कोंबडीत वजनाच्या १० टक्के, शहामृगात १९-२० टक्के, लावेत ८ टक्क्यांच्या आसपास. मात्र वर्गाचा नियम शहामृगापर्यंत ताणला तर भंगभार कोंबडीच्या तीसपट यायला हवा. प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ कमी भरतो. त्याच्या टरफलात लांब छिद्रनळ्या आहेत आणि स्फटिकही वेगळ्या धाटणीचे. म्हणून आलेखावर शहामृगाचा बिंदू अंदाजाने टाकू नका.

तुमच्या प्रकल्पातलं सोनं गिनी फाउलमध्ये आहे. अंडं ४० ते ४५ ग्रॅमचं, कोंबडीपेक्षा लहान, आणि भंगभार सहज ५ किलोपुढे. एक कारण जाडी, दुसरं घडण. कोंबडीच्या टरफलात कॅल्साइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांचे) खांब आतून बाहेर जवळजवळ सरळ उभे असतात, त्यामुळे तडा खांबांच्या फटीतून सरळ आरपार जातो. गिनी फाउलमध्ये हे खांब मध्यावर बारीक तुकड्यांत फुटून एकमेकांत गुंततात. सरळ धाग्याचं लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात चिरतं, गाठीचं चिरत नाही, फरक तोच. मुलांना भंगभार भागिले जाडीचा वर्ग असा एक रकाना करायला सांगा. त्यात जाडीचा परिणाम बऱ्यापैकी निघून जातो आणि घडणीतला फरक उरतो.

एक गोष्ट प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत लावण्यासारखी आहे. टरफल कितीही मजबूत करता आलं असतं, पण पिल्लाला ते आतून फोडायचं असतं, आणि तोवर त्यातूनच श्वास घ्यायचा असतो. कोंबडीच्या टरफलावर दहा हजारांच्या आसपास छिद्रं असतात. २१ दिवसांत त्यांवाटे अंड्याचं १२-१३ टक्के वजन पाण्याच्या वाफेने उडतं. जाडी वाढली की छिद्राची नळी लांबते आणि हवा कमी येते. उलट टरफल फार पातळ झालं तर खुडूक कोंबडीच्या वजनाखालीच ते चेपेल. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात शिकारी पक्ष्यांचं हेच झालं. ब्रिटनमध्ये १९६७ साली पक्षी अभ्यासक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतली जुनी टरफलं आणि नवी टरफलं तोलून दाखवलं की बहिरी ससाण्याची टरफलं १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पातळ झाली होती. अंडी घरट्यातच मोडत होती.

याच बंधनामुळे अंड्याच्या आकाराला मर्यादा येते. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉर डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, तो शोधनिबंध २०२३ चा. जनावर प्रचंड, पण अंडी १५ ते १७ सेंमी व्यासाची, म्हणजे शहामृगाच्या आसपास. मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याचं अंडं ३० सेंमीपेक्षा लांब आणि टरफल ३-४ मिमी. पक्ष्यांमध्ये त्यापलीकडे कोणी गेलेलं दिसत नाही. दुसऱ्या टोकाला जमैका-हिस्पॅनिओलाचा वर्व्हेन हमिंगबर्ड आहे: सुमारे १ सेंमी लांब, अर्ध्या ग्रॅमहूनही हलकं अंडं.

---

वाळूकाठ

चौथा प्रश्न. सरपटणाऱ्यांची अंडी त्याच तक्त्यात घेऊ नका, वेगळी चौकट करा. त्यांच्यावर बहुधा कोणी बसत नाही, म्हणून भंगभाराला तिथे अर्थच वेगळा.

मगरीचं टरफल पक्ष्यांसारखं कडक आणि कॅल्साइटचं. घरातल्या पालीचंही कडकच, पण सेंमीभर लांब आणि इतकं ठिसूळ की चिमटीत चुरा होतो. सापांची आणि समुद्री कासवांची अंडी चामड्यासारखी. कासवाच्या टरफलात चुना असतो, पण तो कॅल्साइट नाही, अ‍ॅरागोनाइट. तेच रासायनिक सूत्र, स्फटिक वेगळा.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं अंडं टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, सुमारे ४ सेंमी, आणि एका घरट्यात शंभर-सव्वाशे. ताजं असताना त्याला बोटाने खळगा पडतो. नंतर ते वाळूतली ओल शोषून ताठ होतं. मादी ती अंडी हातभर खोल खड्ड्यात एकावर एक टाकते. कडक टरफलाची असती तर तळातली तडकली असती. लवचीकपणा हीच त्यांची ताकद. वेळास, आंजर्ले अशा कोकणातल्या किनाऱ्यांवर घरटी कुंपणात हलवतात, तेव्हा अंडं होतं त्याच बाजूने वर ठेवतात, फिरवत नाहीत, आणि अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवतात. पक्ष्यांची अंडी उबवताना रोज फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. मगर-कासवांत उलट, गर्भ वरच्या बाजूला चिकटणंच गरजेचं असतं आणि फिरवलं तर तो मरतो. मुलांना हा फरक चित्र काढून दाखवा.

रानातल्या कुठल्याही पक्ष्याची, कासवाची, सापाची अंडी प्रदर्शनासाठी उचलू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली तो गुन्हा आहे. कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं अंडं ‘फक्त बघायला’ आणणंही त्यात आलं.

---

प्रयोगवही

सगळ्यांचे आभार. एका पाळणाऱ्याकडे एमूची दोन अंडी आहेत. पाण्याच्या कॅनने ती फुटणार नाहीत, म्हणून तरफ करावी म्हणतोय: १ मीटर फळी, एक टोक बिजागरीला, अंडं बिजागरीपासून २० सेंमीवर, बादली दुसऱ्या टोकाला. पाचपट भार मिळेल ना?

---

खडूफळा

मिळेल, पण फळीचं स्वतःचं वजन धरा. फळी १ किलोची असेल तर तिचं वजन ५० सेंमीवर काम करतं, म्हणजे अंड्यावर बादलीआधीच १ × ५० ÷ २० = अडीच किलो. एमूला त्याचं काही नाही. पण हीच तरफ कोंबडीच्या अंड्याला लावलीत तर बादली टांगण्याआधीच कमजोर अंडी फुटतील आणि मुलं शून्य लिहितील. एमूसाठी हिशेब: बादलीचं वजन गुणिले ५, अधिक अडीच.

अंड्याच्या उंचीएवढा ठोकळा बिजागरीखाली द्या, म्हणजे भार पडताना फळी आडवी राहील. फळी तिरकी झाली की अंडं घसरतं. फळीखाली दोन्ही बाजूंना अंड्यापेक्षा सेंमीभर बुटक्या विटा ठेवा, फुटल्यावर बादली पायावर येणार नाही. डोळ्यांना चष्मे हवेतच. जाड टरफलाचे तुकडे धारदार असतात आणि उडतात. आणि दोनच अंडी आहेत, तेव्हा एमूचा आकडा आलेखात वेगळ्या खुणेने दाखवा, सरासरीत मिसळू नका.

---

प्रयोगवही

शेवटचं: चाचणीत तडकलेली साठ-सत्तर अंडी वाया घालवायची नाहीत. खायला चालतील का?

---

खुराडा

टरफल तडकलंय पण पापुद्रा शाबूत आहे, अशी अंडी त्याच दिवशी पूर्ण शिजवून खाल्ली तर चालतं. भुर्जी करा, अर्धकच्चं काही नको. पापुद्रा फाटून बलक बाहेर आला असेल किंवा शाडू लागली असेल तर ती बाजूला काढा. मिठाच्या बादलीतून काढलेली आणि नंतर तडकलेली अंडी फ्रिजमध्ये ‘उद्यासाठी’ ठेवू नका. ओल्या टरफलावरून जंतू तड्यातून आत जातात. टरफलं टाकू नका. दहा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा, २-४ मिमीचा चुरा करा आणि ज्यांच्याकडून अंडी आणलीत त्यांच्याच कोंबड्यांना संध्याकाळी टाकायला द्या. अख्खी टरफलं मात्र देऊ नका, कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते.